टँकरच्या पाण्यावरचं लॉन

पुण्यात दादाच्या सोसायटीत सध्या लॉनवरून जुंपली आहे. उन्हाळ्यात वापरायचं पाणीसुद्धा टँकरने येतं, त्यातलं मेक्सिकन लॉनला (शोभेच्या हिरवळीला) घालायचं की नाही, हा वाद. घालावं म्हणणाऱ्यांचा मुद्दा एकच: ‘अमेरिकेत बघा, घराघरापुढे कशी हिरवळ असते!’ सोसायटीच्या ग्रुपवर हे वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

कुठली अमेरिका? मी मिनेसोटात राहते. २०२३ च्या दुष्काळात आमचं केंटकी ब्लूग्रास करपलं. उथळ मुळांचं, पाण्याला हावरं गवत ते. फुटपाथलगतचा पट्टा तर मेलाच. ऑगस्टच्या अखेरीस आम्ही मेलेलं गवत दाताळ्याने खरवडून काढलं, भाड्याचा एरेटर (जमिनीला भोकं पाडणारं यंत्र) फिरवला आणि बारीक पात्याच्या फेस्क्यू गवताचं मिश्र बी पेरलं, त्यात पांढरं क्लोव्हर, म्हणजे तीन पानांची एक बुटकी वनस्पती. क्लोव्हरचं बी खसखशीएवढं, एका जागी सांडू नये म्हणून कोरड्या मातीत कालवून फेकायचं आणि पायाने दाबायचं. मातीला चिकटलं नाही तर रुजत नाही. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे वरचा थर ओला ठेवायचा, मग पाणी हळूहळू तोडायचं. क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नायट्रोजन धरला जातो, म्हणून खत जवळजवळ लागत नाही. फेस्क्यू सावकाश वाढतं, कापणीही क्वचितच.

कॅलिफोर्नियाने तर २०२३ मध्ये कायदाच केला. ऑफिसं, दुकानं आणि सोसायट्यांच्या सामायिक जागांतल्या नुसत्या शोभेच्या गवताला पिण्याचं पाणी घालायला टप्प्याटप्प्याने बंदी. अमेरिकेचा दाखला द्यायचाच तर हा द्या!

फेस्क्यू पुण्यात लावा असं मी म्हणत नाही, ते थंड हवेचं गवत. तिकडे हरळी आहे ना! गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो तीच. शेतकरी तिला उपटून थकतो. उन्हात सुकते, पहिल्या पावसाला पुन्हा फुटते. फुकट मिळते म्हणून तिची किंमत नाही आपल्याला.

हे ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, ‘तिकडे बसून शिकवू नका.’ फार लागलं. सोसायटीतला फ्लॅट आईबाबांनी घेतलेला, टँकरच्या वर्गणीत माझाही वाटा जातो. आणि खरं सांगायचं तर इथे शेजाऱ्यांशी मी कधी असं भांडत नाही, जपून, हसून बोलते. हक्काने भांडावं अशी जागा मला पुण्यातच आहे. ती मी सोडणार नाही. सभेसाठी दादाकडे लेखी सूचना पाठवली आहे: लॉनचं पाणी बंद करा, हरळी येऊ द्या.