"दहा तास धूळ खाल्ली आणि दिसला एक झोपलेला सिंह" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू दोनदा वाचला. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या त्या सफारी ट्रिपला मी स्वतः तुमच्याच गाडीत पुढच्या सीटवर होतो त्यामुळे ऑफिसचं छापील उत्तर न देता मीच लिहितोय.

आधी आमच्या चुका. ब्रोशरवर वाइल्डबीस्ट (गाईसारखे मोठे कळपाने फिरणारे प्राणी) नदीत उड्या मारतानाचा फोटो आहे आणि तुम्हाला तसं काहीच दिसलं नाही, बरोबर. तो फोटो उत्तरेकडच्या मारा नदीचा आहे, ते क्रॉसिंग साधारण जुलै ते ऑक्टोबर असतं. तुम्ही आलात फेब्रुवारीत, तेव्हा कळप दक्षिणेला एन्डुटूच्या गवतात व्यायला येतात, आदल्या दिवशी आपण बघितले ते तेच. पण फेब्रुवारीच्या ट्रिपवर ऑगस्टचा फोटो टाकायला नको होता. काढलाय. तुमच्या टेंटमधल्या मॅट्रेसची हवा रात्रीत दोनदा गेली तेही खरं, त्या रात्रीचे पैसे परत करतोय.

टॉयलेट लांब आणि कॉमन, सेरेंगेटीच्या मधल्या भागातल्या सेरोनेराच्या पब्लिक कॅम्पसाइटवर तसंच असतं, कुंपणही नसतं, म्हणून तर किचनला जाळी असते. तरसं रात्रभर ओरडत होती ही तक्रार मात्र मी कुणाकडे करू सांगा! 2018 ला माझी एक चप्पल टेंटबाहेरून गेली ती परत मिळाली नाही. त्सेत्से (रक्त पिणाऱ्या) माश्या चावल्याचं लिहिलंय, निळे-काळे कपडे नकोत असं व्हॉट्सअॅपवरच्या पीडीएफमध्ये होतं, तुमचा टीशर्ट निळा होता, असो.

सिंह झोपलेला होता कारण तो दिवसाचे अठरा-वीस तास झोपतोच. हालचाल बघायची तर सकाळी सहालाच निघायला पाहिजे, आपण निघालो पावणेआठला, कारण गरम पोह्यांशिवाय निघायचं नाही असं गाडीत ठरलं. मी तेव्हाच ठाम राहायला हवं होतं.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही लिहिलंय की चित्ता समोर असून गाईडने गाडी जवळ नेली नाही, दुसरी गाडी गेली, "असा भित्रा गाईड काढून टाका". सर, आदल्या दिवशी त्याच गाईडने गाडी गवतात घातली होती ना, कारण एन्डुटू गोरोंगोरो कन्झर्वेशन एरियात येतं, तिथे चालतं. सेरेंगेटी नॅशनल पार्कात रस्ता सोडायचा नाही, पकडलं तर दंड आणि गाईडच्या पोटावर पाय. हे आदल्या रात्री जेवताना सांगायचं माझ्याकडून राहिलं, तो दोष माझा, त्याचा नाही.

आणि त्या दिवशी काय झालं ते तुम्हीही दुर्बिणीतून बघत होतात. मादी वारुळावर चढून बसलेली, खाली तीन पिल्लं, पाठीवर अजून राखाडी केस असलेली. ती उतरली, पोट जमिनीला टेकवून थॉमसन गॅझेलच्या दिशेने सरकायला लागली, गाडीत कुणी श्वास घेत नव्हतं. मग ती दुसरी गाडी गवतातून खडखडत मधे घुसली, हरणं उधळली, मादी उभी राहिली आणि पिल्लांकडे परत गेली. झाली शिकार! चित्ता बहुतेक दिवसाच शिकार करतो कारण रात्री सिंह आणि तरसं फिरतात, मारलेलं तोंडातून काढून नेतात. त्यात दिवसासुद्धा गाड्या आडव्या आल्या तर तिने त्या तीन पिल्लांना काय घालायचं? तुम्हाला जवळून फोटो मिळाला नाही याचं वाईट वाटतं, पण रस्त्यावर उभं राहून सव्वा तास आपण ते कुटुंब बघितलं, रिव्ह्यूत त्याची एक ओळसुद्धा नाही. सॉसेज ट्रीवरून लोंबणारी बिबट्याची शेपटी पण नाही, ती तर तुम्हीच पहिल्यांदा दाखवलीत आम्हाला.

गाईडला काढणार नाही. पुढच्या ट्रिपलाही तोच आहे, ज्यांना गाडी कुठेही घालणारा ड्रायव्हर पाहिजे त्यांनी आमच्याकडे बुकिंग करू नका, खरंच.

मॅट्रेसचे पैसे सोमवारपर्यंत येतील. आणि तुमच्या दुर्बिणीचं कव्हर गाडीत सीटखाली सापडलं, ते माझ्याकडे आहे, पत्ता मेसेज करा, कुरियर करतो.