म्हणे, मुलांना प्रयोग आखायला लावणं ही नुसती हौस!

'शाळेतल्या मुलांना स्वतः प्रयोग आखायला लावणं ही नुसती हौस आहे. त्यांना पुरेसं ज्ञान नसतं, उत्तर पुस्तकात असतंच, हाती येणारे आकडे चुकीचे असतात आणि वेळ भरपूर जातो. थेट शिकवणंच सरस, हे संशोधनानेही सिद्ध झालंय.' अशा आशयाचा मजकूर सध्या भरपूर फिरतोय. 'अगदी मनातलं बोललात' म्हणत तो पुढे पाठवणाऱ्यांत विज्ञानाचे शिक्षकही आहेत, म्हणून मुद्द्यागणिक उत्तर.

आधी संशोधन, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. असा युक्तिवाद करताना डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांचा २००४चा अभ्यास हमखास पुढे केला जातो. तिसरी-चौथीची मुलं, उतार आणि चेंडू. उतार किती तीव्र आहे, पृष्ठभाग कसा आहे, यांतल्या कशामुळे चेंडू लांब जातो ते तपासायचं. काही मुलांना साहित्य देऊन मोकळं सोडलं, काहींना योग्य आणि फसव्या तुलना करून दाखवल्या, फरक समजावला. समजावलेल्या गटात कितीतरी जास्त मुलांना ते जमलं. इथवर ठीक. पण त्यांना समजावलं काय होतं? एका वेळी एकच घटक बदला, बाकीचे तसेच ठेवा. म्हणजे प्रयोगाची आखणीच की! आखणी नीट शिकवली तर मुलांना येते, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष. तोच दाखला देऊन 'आखणी शिकवू नका' कसं म्हणता येईल? मुलांना वाऱ्यावर सोडू नका, एवढं म्हणा, मीही सही करेन.

'पुरेसं ज्ञान नसतं.' खरं आहे. मग ज्ञान आहे तिथला प्रश्न द्या. मीठ गरम पाण्यात लवकर विरघळतं का, हे तपासायला आयन ठाऊक असावे लागत नाहीत. पाणी दोन्हीकडे सारखं हवं, ढवळणं सारखं हवं, एवढं सुचलं की पुरे.

'उत्तर पुस्तकात असतंच' आणि 'आकडे चुकीचे येतात' हे दोन मुद्दे एकत्र घेतो, कारण ते एकमेकांचीच पोलखोल करतात. लंबकाचं बघा. दोलनकाल, म्हणजे लंबकाला एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ, वजनावर अवलंबून नसतो, हे पुस्तकात छापलेलंच आहे. आता मुलांना दोरा, लोखंडी नट आणि स्टॉपवॉच द्या. एखादा गट वजन वाढवायला एका नटाखाली दुसरा, त्याखाली तिसरा असे नट अडकवत जातो. ५० सेंटिमीटरच्या लंबकाला १० दोलनांना साधारण १४.२ सेकंद लागतात, नट वाढवल्यावर १४.५. पुन्हा मोजलं, तरी तेच. मुलं खुशाल लिहितात, 'वजन वाढलं की लंबक मंदावतो.'

इथे 'चूक, पुस्तक बघा' म्हटलं की तास संपला. त्याऐवजी विचारायचं, वजनाखेरीज आणखी काय बदललं? पट्टी लावून बघितलं की कळतं, नटांची माळ खाली लोंबली, गुरुत्वमध्य दोनेक सेंटिमीटरने उतरला, म्हणजे लंबकाची लांबीच वाढली, आणि लांब लंबक सावकाश झुलतो. नट एकाखाली एक न लावता एकाच जागी घट्ट बांधले की फरक जवळजवळ नाहीसा होतो. पुस्तकातल्या वाक्याला अर्थ येतो तो इथे. चुकीचा म्हणून खोडला जाणारा आकडा मुळात चुकीचा नव्हताच. तो अगदी बरोबर मोजलेला होता, आखणीत भोक होतं.

राहता राहिली मोजण्यातली खरीखुरी गडबड. बटण दाबताना सेकंदाचा पाचवा भाग सहज इकडेतिकडे होतो. एकच दोलन मोजलं तर ही चूक सातवा हिस्सा, १० मोजली तर सत्तरावा. 'दहा दोलने मोजा' असं कृतीत लिहिलेलं असतं, पण का ते ज्याने आधी एकच मोजून बघितलंय त्यालाच पटतं. (अपेक्षित उत्तराबरहुकूम आकडे पाडून प्रयोगवही भरण्याची कला मुलं कुठून शिकतात, याचाही विचार 'चुकीच्या आकड्यां'ची चिंता करणाऱ्यांनी करावा.)

वेळ जातो, हे मात्र नाकारत नाही. जातोच. वर्षातले सगळे प्रयोग असे करायला निघालात तर अभ्यासक्रम अर्ध्यावर राहील, आणि तसं कुणी सुचवतही नाही. काही प्रयोग दिलेल्या कृतीनेच करावेत. आम्ल हाताळायचं असेल तर नक्कीच. आखणीचे प्रयोग मोजके ठेवा, आणि त्यातही दर वेळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ नका. एखाद्या तासाला फक्त कागदावर आखणी करून घ्या. पुढच्या तासाला कागदांची अदलाबदल करा आणि एका गटाची आखणी दुसऱ्याला करायला सांगा. 'थोडं पाणी घ्या' असं लिहिलेलं असलं की पलीकडच्या बाकावरून लगेच आवाज येतो, "थोडं म्हणजे किती रे?"