कचऱ्यात गेलेल्या दाण्यांबद्दल

नमस्कार. आमच्या कपिंगबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या कॉफींचे कप मांडून चव तपासतो त्या बैठकीबद्दल, तुमचे तीन आक्षेप आहेत. वॉश्ड कॉफीला (फळाचा गर धुऊन काढून वाळवलेली) आधीच्या नॅचरलचा (अख्ख्या फळासकट वाळवलेली) वास आला, तिसऱ्या कॉफीचा एक कप बाकी चारांपेक्षा वेगळा लागला, आणि आम्ही चांगले दाणे दळून सरळ कचऱ्यात टाकतो. शेवटी आमच्या ग्राइंडरला 'दिखाऊ मशीन' असंही म्हटलंय.

पहिला आक्षेप मान्य, चूक आमचीच. ग्राइंडर कितीही चांगला असला तरी दाणे दळणाऱ्या चकत्यांमध्ये आणि पूड पडते त्या नळीत आधीच्या कॉफीची थोडी पूड चिकटून राहते. म्हणून कॉफी बदलली की नव्या कॉफीचे थोडे दाणे आधी दळून फेकायचे, नळीला दोन थापा मारायच्या आणि मगच पहिला कप. त्या दिवशी पाहुणे जास्त, आमची घाई झाली आणि नॅचरलनंतर नेमकं हेच राहून गेलं. संध्याकाळी ग्राइंडर उघडला तेव्हा नळीच्या कडेला पूड आणि सालपटं चिकटलेली दिसली. वास तुम्हाला पहिल्याच कपात जास्त आला असणार, कारण ती शिळी पूड आधी त्यातच उतरते. म्हणजे तुम्ही ज्याला नासाडी म्हणता, ती त्या वेळी झाली नाही म्हणूनच हा घोळ झाला!

तिसऱ्या कॉफीचं मात्र वेगळं आहे. आम्ही 150 मिली पाण्याला 8.25 ग्रॅम कॉफी घेतो आणि प्रत्येक कपाचे दाणे वेगळे मोजून वेगळे दळतो. कपात जेमतेम साठ-सत्तर दाणे येतात. त्यात एक जरी आंबलेला निघाला तरी तो कप बिघडतो. पाचही कपांचं एकदम दळलं असतं, तर तोच दाणा पाचांत वाटला जाऊन कुणाला कळलाही नसता. एकाच कॉफीचे पाच कप मांडतात ते यासाठीच. तुमच्या जिभेनं तो बरोबर पकडला, आमच्या कागदावरही त्या कपाचे गुण कापलेले आहेत.

दिखाव्याचं म्हणाल, तर कपिंगमध्ये गाळणी नसते, पूड पाण्यातच राहते. दळण एका कपात जाड, दुसऱ्यात बारीक आलं, तर फरक कॉफीचा की ग्राइंडरचा हे कसं ओळखायचं? कपिंगच्या दळणाची 70 ते 75 टक्के पूड 20 नंबरच्या (ठरावीक आकाराच्या छिद्रांच्या) चाळणीतून खाली जावी लागते. दर वेळी तेवढीच जावी, यासाठी एवढं धूड ठेवलंय. आवाज करतं, कबूल.

आता फेकायच्या पुडीचा वास घेतल्याशिवाय पहिला कप दळायचा नाही, असं ठरवलंय. ती वॉश्ड अजून शिल्लक आहे. पुढच्या कपिंगला या, तुमच्यासाठी पुन्हा मांडतो. ग्राइंडरशेजारीच उभे राहा आणि ती पूड आधी तुम्हीच हुंगा.