‘अंगणवाडीत नुसता खेळ’ : फिरणाऱ्या मेसेजला एका सेविकेचं उत्तर

गेले पंधरा दिवस आमच्या खटाव तालुक्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: मेंदूची बहुतेक वाढ सहा वर्षांच्या आत होते, म्हणून त्याआधीच मुलांना लिहा-वाचायला लावा. सगळं जग तिसऱ्या वर्षी अक्षरं शिकवतं, आपल्या अंगणवाडीत मात्र पोरं मातीत लोळतात. त्यात आता ‘पर्यावरण’ हे परदेशी फॅड घुसलंय. आणि खेळातून शिकवायचं तर महागडी साधनं लागतात, ती गावात कुठून येणार? मला हा मेसेज सहा पालकांनी पाठवला. त्यातल्या दोघींनी मुलं आमच्याकडून काढून नर्सरीत घातली. एकवीस वर्षं हे काम करतेय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

मेंदूचं आधी. ती गोष्ट खरी आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहा वर्षांच्या आत 85 टक्क्यांहून जास्त वाढ होते असं लिहिलंय. पण त्याच प्रकरणात पुढं म्हटलंय की या वयाचं शिक्षण लवचीक असावं, खेळातून आणि कृतीतून व्हावं. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं तर तीन ते सहा वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तकच नको असं सांगितलं. मेसेज लिहिणाऱ्यानं आकडा घेतला आणि सल्ला टाकून दिला. मूल म्हणजे कणगी नव्हे, वरून ओतलं की भरली. त्याचा मेंदू वाढतो तो हातानं, डोळ्यानं, बोलण्यानं, दुसऱ्या पोराशी भांडून परत गट्टी करण्यानं.

हातावरून आठवलं. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मताना ती सगळी कूर्चेची, मऊ असतात. पुढं वर्षागणिक एकेक टणक होत जातं, आणि शेवटचं नऊ-दहा वर्षांच्या आसपास. तीन वर्षांच्या मुलाचं निम्मं मनगटही अजून तयार नसतं. त्याच्या हातात पेन्सिल देऊन ‘ओळीत लिही’ म्हणून दटावलं की ते मुठीत धरून कागद फाडतं, रडतं आणि अक्षराचा धसका घेतं. तेच मूल कणीक मळतं, चिंचोके उचलून डब्यात टाकतं, दोऱ्यात फुलं ओवतं, तेव्हा त्याची बोटं लिहिण्यासाठीच तयार होत असतात. ही तयारी वहीत दिसत नाही. म्हणून पालकांना वाटतं, काहीच शिकवलं नाही.

‘सगळं जग तिसऱ्या वर्षी शिकवतं.’ कुठलं जग? फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते आणि त्याआधीचं एक वर्ष पूर्वतयारीचं, तेही खेळाचंच. लवकर सुरुवात करणारे देश आहेत, हे मी नाकारत नाही. इंग्लंडमध्ये मुलं चार-पाच वर्षांची असतानाच शाळेत जातात. न्यूझीलंडमध्येही पाचव्या वर्षी वाचन सुरू होतं, पण तिथं काही शाळा ते सातव्या वर्षी सुरू करतात. दोन्ही प्रकारच्या मुलांची तुलना करणारा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. अकराव्या वर्षापर्यंत उशिरा शिकलेल्यांनी वाचनात बरोबरी गाठलेली होती, आणि वाचलेलं समजण्यात ती थोडी पुढंच होती. मग ते दोन वर्षांचं रडणं कशासाठी?

आता माती. या मुद्द्यावर मला राग येतो. आपण शेतकऱ्याची माणसं, आपल्यालाच मातीची किळस कधीपासून यायला लागली? फिनलंडच्या दोन शहरांत तीन ते पाच वर्षांच्या 75 मुलांवर एक प्रयोग झाला, 2020 साली तो छापून आला. काही पाळणाघरांच्या उघड्या-बोडक्या अंगणात जंगलातली माती, गवत आणि रोपांच्या पेट्या आणून ठेवल्या. मुलं रोज त्यात खेळली. 28 दिवसांत त्यांच्या त्वचेवरचे उपयोगी जंतू वाढले, त्यांच्यात विविधता आली, आणि रक्तात रोगप्रतिकारशक्तीचा तोल राखणाऱ्या खुणा सुधारल्या. तिथं माती विकत आणून टाकावी लागली. आपल्या दारात ती फुकट आहे. अर्थात काचा वेचलेली, जनावरांच्या वावरापासून लांबची माती हवी, खेळून झाल्यावर साबणानं हात धुवायचे आणि वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी चुकवायची नाही. एवढं आम्ही पाळतो.

पर्यावरण हे परदेशी फॅड, असंही त्यात आहे. स्वीडनच्या बालवाड्यांच्या अभ्यासक्रमात शाश्वत विकास आहे, हे खरं. न्यूझीलंडचा 1996 चा बालशिक्षणाचा आराखडा चटईच्या नावानं ओळखला जातो, तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, विणलेल्या चटईच्या, आणि त्यात मुलाचं जमिनीशी असलेलं नातं एक धागा म्हणून विणलंय. पण म्हणून ते परक्याचं झालं का? माण-खटावच्या चार वर्षांच्या पोराला टँकर कुठल्या वारी येतो ते तोंडपाठ असतं. पाण्याचा धडा त्याला स्वीडननं शिकवलेला नाही. आम्ही फक्त त्याचा खेळ करतो. हात धुतल्याचं पाणी टबात साठतं, मग तांब्यानं मोजून परसबागेत. ‘शेवग्याला चार, अळूला सहा.’ अळूला जास्त का, हा प्रश्न मुलंच विचारतात. गेल्या वर्षी एका पोरीनं घरी जाऊन आईला नळ चालू ठेवल्याबद्दल रागावलं, ते आईनंच येऊन सांगितलं. यात मोजणी आली, भाषा आली, आणि पाणी जपणंही आलं. तीन वेगळे तास घ्यावे लागले नाहीत.

साधनांचं उत्तर तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढं कोसबाडला. माँटेसोरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारची अंगणवाड्यांची योजना आली ती बोर्डीच्या केंद्रानंतर तीस वर्षांनी. आमच्याकडचं सामान सांगू? चिंचोक्यांचा डबा, बाभळीच्या शेंगा, नारळाच्या करवंट्या, कडब्याच्या चिपाडाच्या बैलगाड्या. मोडलं तर उकिरड्यावर टाकलं, त्याचं खत झालं. बाजारातली प्लॅस्टिकची गाडी आठवड्यात मोडते आणि ओढ्यात पडून राहते.

अंगणवाड्यांबद्दलची एक तक्रार मात्र मी मान्य करते. काही ठिकाणी मुलं नुसती ओळीत बसून खिचडीची वाट बघतात. त्याला खेळ म्हणत नाहीत, ते ताटकळणं आहे. सेविकेला सर्वेक्षण, नोंदी, मोबाइलवरची माहिती यातून वेळ मिळत नाही, हे कारण खरं असलं तरी नुकसान मुलाचं होतं. तसं दिसलं तर जरूर येऊन जाब विचारा, बैठकीत बोला. पण ‘अक्षरं का नाही’ एवढंच विचारू नका. आज मुलगा काय घडवत होता, कुणाशी बोलला, कशावरून हसला, तेही विचारा.

बेंदूर जवळ आलाय. आम्ही माती चाळून भिजत घातली आहे, उद्यापासून मुलं बैल करतील. सण झाला की तेच बैल पुन्हा पाण्यात घालून गोळा करून ठेवतो, दरवर्षीचीच माती आहे ती. ज्या दोन आयांनी मुलं काढली त्यांनाही निरोप धाडलाय: नर्सरी सुटली की घेऊन या, आणि येताना जुने कपडे घाला.