कोथिंबिरीची जुडी आणि चार लाखांचं उपनगर

टेक्सासमधल्या आमच्या आर्लिंग्टनची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत ३,९४,२६६ भरली. सेंट लुईस आणि पिट्सबर्ग, दोन्ही तीन लाखांच्या आसपास. पण ती शहरं, आणि आम्ही डॅलसचं उपनगर! एका बाजूला डॅलस, दुसऱ्या बाजूला फोर्ट वर्थ, आणि मधे आम्ही, लोकलच्या बाकावर दोन जाड्या प्रवाशांमध्ये अंग चोरून बसल्यासारखे.

मामाला हे फोनवर पटवता पटवता माझ्या तोंडाला फेस आला. मामा बोरिवलीचा. त्याचा पहिला प्रश्न, "स्टेशनपासून किती लांब?" दुसरा, "ईस्ट की वेस्ट?" मी म्हटलं, "मामा, इथे स्टेशनच नाही." डॅलस ते फोर्ट वर्थ रेल्वे आहे, पण ती आमच्या उत्तरेकडून परस्पर निघून जाते. गावातून जातात त्या मालगाड्या. मामा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे अजून डेव्हलप व्हायचंय."

तसं डेव्हलप बरंच झालंय. १९५०मध्ये इथे आठ हजार माणसंही नव्हती. मग मोटारींचा कारखाना आला, १९६१मध्ये मोठी जत्रा कायमची वस्तीला यावी तसं सिक्स फ्लॅग्ज हे पाळण्यांचं करमणूक उद्यान आलं आणि गाव फुगत गेलं. सार्वजनिक वाहतुकीवर १९८०, १९८५ आणि २००२ अशी तीनदा मतदारांना विचारणा झाली. तिन्ही वेळा गाव म्हणालं, नको. २००४मध्ये विचारलं, अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमसाठी विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवायचा का? गाव म्हणालं, वाढवा की! स्टेडियम २००९मध्ये उभं राहिलं. तिथे खेळणाऱ्या संघाचं नाव डॅलस काउबॉइज. कर आमचा, ट्रॅफिक आमचा, नाव डॅलसचं.

हे सगळं सहन होतं, कारण दाराशी गाडी असते. त्या दिवशी एक गाडी गॅरेजमध्ये होती आणि दुसरी घेऊन बायको लेकीला पोहायला घेऊन गेली होती. संध्याकाळी आठ माणसं जेवायला येणार, आणि जाता जाता तिने सांगितलं, "कोथिंबीर तेवढी आणून ठेव."

आमच्या माडीवरच्या खिडकीतून किराणा दुकानाची पाटी दिसते. रात्री तिचा लाल उजेड आमच्या पडद्यावर पडतो. मागच्या कुंपणावरून उडी मारली असती तर मी पाच मिनिटांत पालेभाज्यांपाशी पोचलो असतो. पण कुंपणापलीकडे पावसाच्या पाण्याचा चर, चरापलीकडे विटांची भिंत, आणि भिंतीपलीकडे दुकानाची मागची बाजू. घरांना दुकानांचा विटाळ होऊ नये, अशी व्यवस्था. या सोवळ्याला कायद्याचा आधार आहे. १९२६मध्ये ओहायोतल्या एका गावाने घरं, दुकानं आणि कारखाने वेगवेगळ्या पट्ट्यांत ठेवायचा नियम केला होता आणि सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. त्या गावाचं नाव युक्लिड, थेट भूमितीच्या युक्लिडवरून ठेवलेलं! दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा, हे ज्याच्या नावावर आपण शाळेत घोकलं, त्याच्याच नावाच्या गावामुळे मला घरापासून दुकानापर्यंत दीड मैल वळसा पडतो.

फोनवर बोलवायची व्हॅन गावात आहे. पण एका जुडीसाठी व्हॅन मागवायला मन धजेना. निघालो पायी.

आमच्या गल्लीतल्या रस्त्यांना पुढे वाटच नाही, सगळे गोल फिरून जिथल्या तिथे संपतात. त्यांतून बाहेर पडायला एकच तोंड. तिथून सहा लेनचा रस्ता लागतो. फूटपाथ होता, छान सिमेंटचा, आणि एका दंतवैद्याच्या दवाखान्यापुढे तो अचानक संपला. पुढे गवत, आणि गवतात तांबड्या मुंग्यांची वारुळं. टेक्सासच्या या मुंग्या चप्पल बघून चावतात. सिग्नलच्या खांबावरचं बटण मी दाबलं. खांब म्हणाला, "थांबा." परत दाबलं. "थांबा." पलीकडे जायची खूण उमटल्यावर मी निघालो आणि जेमतेम चौथ्या लेनपर्यंत पोचलो, तोच आकडे उलटे मोजायला लागले.

तेवढ्यात एक बाई गाडी हळू करून म्हणाल्या, "आर यू ओके?" पुढे एकाने काच खाली करून विचारलं, "पेट्रोल संपलं का?" माणसं मनाची चांगली, वादच नाही. पण बोरिवलीत मी वीस वर्षं रोज चाललो, एकालाही माझी कीव आली नाही. आणि बोरिवलीही कागदोपत्री उपनगरच आहे. २०११च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांवर माणसं होती. पायी दिसलेला माणूस संकटात नसून भाजी आणायला निघालाय, एवढं जिथे लोकांना न सांगता कळतं त्याला मी शहर म्हणतो. डोकी कितीही मोजा.

कोथिंबीर मिळाली. घशाला कोरड पडली होती, आणि पार्किंगच्या त्या अफाट मैदानाच्या टोकाला कॉफीची टपरी होती. आत बसायला जागा नाही, नुसती गाड्यांची खिडकी. मी रांगेत उभा राहिलो, पुढे पिकअप, मागे पिकअप. माझा नंबर आला तरी ऑर्डर घेणारा स्पीकर ढिम्म. तिथल्या जमिनीत तार पुरलेली असते आणि तिला वर लोखंड आलेलं कळतं. माझ्या अंगावर लोखंड म्हणाल तर घराची किल्ली. मी उगाच एकदा उडी मारून पाहिली. शेवटी खिडकीतून एक मुलगी ओणवी होऊन म्हणाली, "सर, चालत आलेल्यांना देता येत नाही. सेफ्टी."

मागच्या पिकअपवाल्याने दार उघडलं. "बस आत." मी जुडी मांडीवर घेऊन बसलो. गाडी फूटभर पुढे सरकली आणि स्पीकर लगेच गोड आवाजात बोलायला लागला. कॉफीचे पैसेही त्यानेच दिले.

"कुठला तू?" मी विचारलं.

"डॅलस."

"डॅलसमध्ये कुठे?"

"मॅन्सफिल्ड."

मॅन्सफिल्ड आमच्याही दक्षिणेला. तिथून डॅलसपेक्षा फोर्ट वर्थ जवळ.

"आणि तू?"

त्याच्या कॉफीचा घोट अजून माझ्या तोंडात होता.

"मीपण डॅलसचाच," मी म्हटलं.