ट्रॅक रिकामे का पडतात?

"पुण्यात सायकल ट्रॅक म्हणजे चार हौशी लोकांसाठी पैशाचा चुराडा. ॲमस्टरडॅमची गोष्ट वेगळी. तिथे हवा थंड, रस्ते सपाट आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या सायकलवाले. आपल्याकडचे ट्रॅक रिकामेच पडलेत." हा मजकूर आमच्या सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर सतत फिरतोय. मी रोज सायकलने कामाला जाते. मला गप्प बसवत नाही.

ॲमस्टरडॅमलाही मोटारींनी घेरलं होतं. १९७१ मध्ये नेदरलँड्सच्या रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. 'मुलांच्या हत्या थांबवा' म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. पाठोपाठ १९७३ ची तेलटंचाई आली. आजचे मार्ग त्या लढ्यातून आले. आणि परंपराच हवी असेल, तर सायकलींचं शहर म्हणून पुण्याचंही नाव होतंच की!

हवेचं म्हणाल तर स्पेनमधलं सेव्हिल बघा. उन्हाळ्यात तिथे पारा सहज चाळिशी ओलांडतो, आणि सायकलची परंपरा म्हणावी तर जवळजवळ शून्य. २००६-०७ च्या सुमारास तिथल्या पालिकेने जवळपास ८० किलोमीटरचे मार्ग एका झपाट्यात बांधले. मोटारींपासून वेगळे, आणि मुख्य म्हणजे एकमेकांना जोडलेले. त्यासाठी हजारो गाड्यांच्या पार्किंगची जागा काढून घेतली. काही वर्षांतच रोजच्या सायकली सहा हजारांच्या आसपासहून सत्तर हजारांवर गेल्या. ऊन तेच होतं. फिनलंडच्या ऊलूमध्ये तर लोक बर्फातही सायकल चालवतात, कारण तिथे सायकलमार्गांवरचा बर्फ वेळेवर काढला जातो.

धो-धो पावसात सायकल नको वाटते, हे मान्य. हडपसरहून हिंजवडीला रोज सायकलने जा, असंही मी कुणाला सांगणार नाही. पण शाळा, मंडई, बँक, क्लास ही कामं बहुतेकांची चार-पाच किलोमीटरच्या आतली असतात. लांब जाणाऱ्याला स्टेशनपर्यंत सायकल पुरते. नेदरलँड्समधल्याच उट्रेख्ट शहराच्या रेल्वे स्टेशनाखाली १२,५०० सायकली ठेवायची सोय आहे ती याचसाठी.

'हौशी लोक' हा शब्द मला सगळ्यात जास्त लागला. २०११ च्या जनगणनेत देशात अडीच कोटींहून जास्त लोक सायकलने कामावर जाताना नोंदले गेले. वॉचमन, गवंडी, दूधवाले. त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे हा.

राहिले रिकामे ट्रॅक. माझ्या वाटेवरचा ट्रॅक तीनशे मीटर चालतो, मग मध्ये विजेचा डीपी, पुढे लावलेल्या चारचाकी, आणि चौक आला की ट्रॅकच संपतो. जिथे बसचा धक्का लागण्याची भीती सगळ्यात जास्त, नेमकी तिथेच मी उघड्यावर. म्हणून एखादं शहर सायकलला बरं आहे का, हे मला कुणी विचारलं तर मी ट्रॅकची लांबी बघत नाही, त्याचे चौक बघते. माझ्या चौकात मी रोज उतरते आणि सायकल हातात धरून चालत पलीकडे जाते.