मेनू लपवायचाय? या, बसा

परवा लेकीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलो आणि बरंच शिकलो. तुम्हीही साइट बनवत असाल तर तिच्या मेनूतल्या ओळी लोकांपासून कशा लपवायच्या, याच्या चार गोष्टी फुकट सांगतो.

'लॉगिन' ही ओळ फक्त लॉगिन झालेल्यांनाच दाखवा.

मोबाईलवर 'तक्रार' दिसू देऊ नका. ज्याला तक्रार करायचीय तो कॉम्प्युटर घेईल की.

फोन मराठीत आहे? मग माणूस महाराष्ट्रातला. विचारायचं काय त्यात?

आता मुख्य अस्त्र. पाहुणा कुठला हे आयपीवरून, म्हणजे त्याच्या नेटच्या पत्त्यावरून, ताडा आणि त्याच्या मेनूला कात्री लावा. आमच्या निपाणीत हे फार खुलतं. मी घरात बसलेलो, दारात केए-२३ पासिंगची गाडी, आणि साइटच्या मते मी पुण्यात! कारण काय, तर मोबाईल कंपनीचं नेट तिकडून बाहेर पडतं. झालं, 'अर्ज' ही कर्नाटकवाल्यांची ओळ गायब. बेळगावच्या मेव्हण्याला फोन लावला.

"दाजी, तिसरी ओळ बघा की."

"माझ्यात दोनच आहेत."

"असं कसं ओ? माझ्यात दिसतीय की!"

वीस मिनिटं हेच. शेवटी त्याला वाटलं, दाजींचा चष्मा बदलायला झालाय. अहो, १९५६ पासून आम्ही कुठल्या राज्याचे यावर भांडतोय. महाजन आयोग १९६७ मध्ये अहवाल देऊन मोकळा झाला, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, आणि यांच्या साइटनं अर्ध्या सेकंदात निकाल लावला. लावलाच आहे तर दिल्लीला तरी कळवा!

हां, कॅशिंग राहिलं. तेही बेधडक चालू ठेवा. साइट चालवणाऱ्या साहेबांनी उघडलेलं पान साठून राहतं आणि त्यांचाच मेनू पुढच्या सगळ्यांच्या ताटात पडतो. 'वापरकर्ते हटवा' एवढं नुसतं वाचूनही माणसाला मोठं झाल्यासारखं वाटतं.

मग मेव्हण्यानं व्हॉट्सअॅपवर लिंक धाडली. दाबली. अर्ज सरळ उघडला!

म्हणजे पान सताड उघडंच होतं. अरे, मग लपवलंत काय? मेनूतली ओळ काढली म्हणून दाराला कुलूप लागतं का? कुणाला आत सोडायचं ते सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथून येते त्या तुमच्या मशीनवर, पान उघडताना तपासायचं असतं, एवढंही कळत नाही? ओळ राहू द्या, चालणार नसेल तर खाली कारण लिहा. जिल्हा हवाय तर विचारा, आम्हाला तोंड आहे. आयपी म्हणजे रेशनकार्ड वाटलं काय? आणि साइट लोकांसाठी खुली करण्याआधी एकदा दुसऱ्याच्या फोनवर, लॉगिन न करता उघडून बघायला तुमचे हात मोडतात?

लेकीचा अर्ज शेवटच्या दिवशी रात्री साडेअकराला गेला. तिच्या वर्गातल्या पोरीनं भरलाच नाही. "आमच्या फोनवर तसलं काय न्हाईच," म्हणाली. तिच्या मामाचं घर बेळगावात नाही.